साधं चावीचं घड्याळ: त्यात एवढं काय असतं?

तुम्ही विचारलंय की तारीख नाही, रेडियम नाही, धड आकडेसुद्धा नाहीत अशा जुन्या घड्याळांसाठी लोक एवढे वेडे का होतात, आणि बहिणीच्या लग्नात घालायला एखादं घ्यावं का. घ्या, बिनधास्त घ्या, पण आधी बघायला शिका.

भरगच्च डायलवर एखादी गोष्ट वाकडी असली तरी खपून जाते. इथे तीन काटे, तासांच्या खुणांच्या बारा पट्ट्या आणि कंपनीचं नाव, बास. त्यामुळे बनवणाऱ्याला प्रत्येक गोष्ट नीट करावीच लागते. जुनी चांदी रंगाची डायल उन्हात धरून हात हळू फिरवा, मधून काठाकडे किरणांसारखी चमक सरकताना दिसेल, आणि बाराच्या जागी बसवलेली पट्टी बघा, तिची कड चांगली असेल तर एक बाजू काळी आणि दुसरी पांढरीशुभ्र दिसते. सेकंद काट्याचं टोक बाहेरच्या रेघांपर्यंत बरोब्बर पोचतंय का तेही बघा. मला तर ह्याच गोष्टी बघत बसायला आवडतं.

साइज ३३ ते ३५ मिलिमीटर, आजच्या मानाने लहान वाटेल, पण शर्टाच्या बाहीखाली अलगद जातं आणि लग्नात सदऱ्यावर तेच शोभतं, मोठी जाडजूड घड्याळं तिथे उगाच मिरवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे सुरुवात एचएमटी जनतापासून करा. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं बनवायला घेतली, जनता म्हणजे १७ ज्वेलचं (आतली चाकं कमी घासावीत म्हणून बसवलेले छोटे खडे) चावीचं मशीन, काही डायलवर नाव चक्क देवनागरीत असतं आणि ते फार देखणं दिसतं. कानाला लावलं की सेकंदाला पाच ठोके ऐकू येतात. विकत घ्यायच्या आधी घरात विचारा, आपल्या नाशिकमध्ये ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात नाहीतर नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी केलेली माणसं घरोघरी आहेत, कुणाच्या तरी कपाटात एखादं पडलेलं असतं.

तुम्ही एचएमटीचंच दुसरं मॉडेल, पायलट, लाल डायलचं ऑनलाइन बघितलंय ना, ते सोडून द्या. पायलट ओळखली जाते ती काळ्या डायलसाठी, अशा भडक डायल बहुतेक नंतर रंगवलेल्या असतात. अक्षरं जाड किंवा पसरलेली, पट्टीच्या कडेला रंग साचलेला, रेघा पट्ट्यांच्या समोर येत नाहीत, असं काही दिसलं तर समजून जा. थोडी पिवळी पडलेली पण मूळ डायल कधीही चांगली. मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा, गंज दिसला तर नको. काचेवरच्या ओरखड्यांना घाबरू नका, ती काच ॲक्रिलिकची असते, घासून साफ होते किंवा सरळ बदलता येते.

घेतल्यावर मेनरोड-रविवार कारंजा भागातल्या एखाद्या जुन्या घड्याळजींकडे सर्व्हिसिंग करून घ्या, मशीन पूर्ण खोलून साफ करून ऑइलिंग, नुसतं वरून तेल सोडणं नव्हे. रोज सकाळी ठरावीक वेळी चावी द्या, अडली की थांबा. दिवसाला अर्धा मिनिट पुढेमागे झालं तर चालायचंच. पावसाळ्यात मात्र जपा, ही घड्याळं पाण्याची नाहीत, आणि पट्टा घेताना लग्जमधलं (पट्टा जिथे अडकवतात त्या दोन शिंगांमधलं) अंतर मोजून घ्या, जनताला बहुतेक १८ मिलिमीटरचा लागतो.