वेलर १२ दोनशे डॉलरला घ्यावी का? व्हीटेड बर्बनबद्दल जरा सविस्तर

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. मेकर्स मार्क ही व्हीटेड बर्बन आवडली, तर त्याच जातीतली पुढची कोणती घ्यावी? सिनसिनाटीहून नदी ओलांडून गेल्यावर केंटकीतला दुकानदार वेलर १२ चे दोनशे डॉलर सांगतोय, ते द्यावेत का? आणि डिसेंबरात पुण्याला जाताना भावासाठी काय न्यावं? मधल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: देऊ नका. का नको ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

बर्बन ही मक्याची अमेरिकन व्हिस्की. बर्बन म्हणवून घ्यायचं तर धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि दारू मुरवायला आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप हवं, हा अमेरिकेचा कायदा. मक्यानंतर बहुतेक जण राय हे तिखटसर चवीचं धान्य घालतात आणि थोडी माल्टेड बार्ली, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू. रायच्या जागी गहू घातला की झाली व्हीटेड बर्बन. चहातून आलं काढलं की दूध-साखर कशी वर येते, तसंच इथे होतं. रायचा तिखटपणा गेला की मक्याचा गोडवा आणि लाकडातून उतरलेला व्हॅनिला, कॅरमल हे सगळं पुढे येतं. गहू स्वतः फार बोलत नाही. त्याची स्वतःची चव बघायची असेल तर बारमध्ये बर्नहाइम ओरिजिनलचा एक पेग मागवा. तिच्यात अर्ध्याहून जास्त गहूच आहे, म्हणून ती बर्बन नाही, व्हीट व्हिस्की आहे. अगदी सौम्य, किंचित मधाळ.

आणि गहू बोलत नाही म्हणूनच बाटली निवडताना किती टक्के गहू आहे यावर डोकं खपवू नका. बघायच्या गोष्टी दोनच: प्रूफ आणि वय. नेटवर या दोन गोष्टी सोडून बाकी सगळ्यावर वाद चालतात.

प्रूफचा घोळ आधीच मिटवू. अमेरिकेत प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट, ९० प्रूफ म्हणजे ४५ टक्के. आपल्याकडे बाटलीवर ४२.८ टक्क्यांना '७५ डिग्री प्रूफ' लिहिलेलं असतं, ते जुनं ब्रिटिश माप. भावाला फोनवर सांगताना टक्क्यांतच सांगा.

आता मेकर्स मार्क. ती तुम्हाला आवडली यात नवल नाही, ती बनवलीच आहे कुणालाही आवडावी म्हणून. केंटकीत लोरेट्टो गावी बिल सॅम्युअल्स यांनी १९५३ च्या सुमाराला हे काम सुरू केलं आणि पहिली बाटली १९५८ मध्ये बाहेर पडली. धान्याचं प्रमाण ठरवायला त्यांनी दारू गाळण्याऐवजी वेगवेगळ्या मिश्रणांचे पाव भाजून बघितले, अशी कथा कंपनी सांगते. ७० टक्के मका, १६ गहू, १४ माल्टेड बार्ली, हे प्रमाण आजही तेच. पिंपात भरताना कायदा अल्कोहोल ६२.५ टक्क्यांपर्यंत जाऊ देतो, हे ५५ वरच थांबतात. मुरल्यावर कमी पाणी घालावं लागतं आणि लाकडातलं गोड ते पातळ होत नाही. महाग पडतं, कारण तेवढ्याच दारूला पिंपं जास्त लागतात.

साधी मेकर्स ४५ टक्क्यांची. घोट घेतल्या घेतल्या कॅरमल, मग भाजलेल्या कणकेचा वास, थोडी संत्र्याची साल, आणि लगेच संपते. हे 'लगेच संपणं' हीच तिची मर्यादा. २०१३ मध्ये मागणी पुरवता येईना म्हणून कंपनीने ती ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं होतं. गिऱ्हाइकांनी असा काही गदारोळ केला की आठवडाभरात निर्णय मागे घ्यावा लागला. तीन टक्क्यांनी काय बिघडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पेल्यात चमचाभर पाणी घालून बघावं.

म्हणून तुमची पुढची पायरी माझ्या मते ठरलेली आहे: मेकर्स मार्क कास्क स्ट्रेंग्थ. तीच दारू, तेच धान्य, फक्त पाणी घालून खाली आणलेली नाही. ५५ टक्क्यांच्या आसपास असते, बॅचप्रमाणे थोडं मागेपुढे. चाळीस-पन्नास डॉलरमध्ये मिळते आणि बहुतेक दुकानांत पडून असते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. ओतल्यावर लगेच तोंडाला लावू नका. दहा मिनिटं पेला तसाच ठेवा, पहिली नाकात जाणारी वाफ उडून जाऊ द्या. मग साधा घोट घ्या, आणि दुसऱ्या घोटाआधी ड्रॉपरने चार-पाच थेंब पाणी टाका. आधी लपलेली दालचिनी आणि करपत आलेल्या साखरेचा कडसर गोडवा पाण्यानंतर उघडतो. साध्या मेकर्समध्ये जे वाक्य अर्धवट राहतं ते इथे पूर्ण होतं.

मेकर्स ४६ बद्दल लोक विचारतातच. २०१० मध्ये आली, ४७ टक्के. तयार मेकर्समध्ये भाजलेल्या फ्रेंच ओकच्या फळ्या घालून आणखी काही आठवडे ठेवतात. मसाल्याचा वास वाढतो, लाकूड जरा जास्त जाणवतं. मला ती मधल्यामध्ये लटकलेली वाटते. तेवढेच पैसे कास्क स्ट्रेंग्थवर घाला.

आता लार्सनी ही दुसरी व्हीटेड बर्बन, आणि इथे जरा इतिहास लागतो, कारण वेलरच्या किमतीचं कोडंही त्यातच आहे. लुइव्हिलला लागून शाइव्हली इथे १९३५ मध्ये स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी उघडली. ज्युलियन व्हॅन विंकल, म्हणजे लोक ज्याला 'पॅपी' म्हणतात तो, तिचा कर्ताधर्ता. गव्हाची बर्बन हीच या घराची ओळख, आणि वेलर व ओल्ड फिट्झजेराल्ड हे तिचे दोन मोठे ब्रँड. पॅपी १९६५ मध्ये वारला, १९७२ मध्ये कुटुंबाने डिस्टिलरी विकली, १९९२ मध्ये तिथलं गाळप बंद पडलं. १९९९ मध्ये वाटण्या झाल्या: वेलर सॅझरॅक कंपनीकडे गेली, म्हणजे केंटकीतल्या फ्रँकफर्टच्या बफलो ट्रेस डिस्टिलरीत, आणि ओल्ड फिट्झजेराल्ड हेवन हिल कंपनीकडे. २००२ मध्ये व्हॅन विंकल कुटुंबानेही बफलो ट्रेसशी भागीदारी केली. तेव्हापासून पॅपी व्हॅन विंकल ही बाटली वेलरच्याच धान्याच्या मिश्रणातून, त्याच भट्टीत बनते.

हे लोकांना कळलं आणि वेलरचं नशीब फिरलं. हजारो डॉलरची पॅपी परवडत नाही, मग तिची धाकटी बहीण घ्या. त्यातून वेलर अँटीक आणि वेलर १२ मिसळून 'गरिबाची पॅपी' करायची टूम निघाली आणि दोन्ही बाटल्या फडताळावरून नाहीशा झाल्या. त्याच घरातून निघालेली ओल्ड फिट्झजेराल्डची शाखा मात्र कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. हेवन हिलने २०१२ मध्ये त्या शाखेतून लार्सनी काढली. जॉन फिट्झजेराल्ड नावाचा सरकारी अधिकारी गोदामाच्या किल्ल्या आपल्याकडे असल्याचा फायदा घेऊन उत्तम पिंपांतून चोरून प्यायचा, ही आख्यायिका, म्हणून नाव लार्सनी, म्हणजे चोरी. बाटलीवर किल्लीचं भोक आहे ते त्यामुळे. सरकारी गोदामाच्या किल्ल्या आणि सरकारी अधिकारी, हा भाग आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

लार्सनीत ६८ टक्के मका, २० गहू, १२ माल्टेड बार्ली. ४६ टक्के, पंचवीस ते तीस डॉलर. मेकर्सच्या शेजारी ठेवून प्यायलात तर फरक लगेच कळेल. मेकर्स नीटनेटकी, लार्सनी जरा रांगडी: ताजा पाव, बटरस्कॉच, मागे भाजलेल्या शेंगदाण्याची छटा. हा शेंगदाणा हेवन हिलच्या बऱ्याच दारूंत सापडतो, काहींना तो खटकतो, मला आवडतो. पैसे वसूल या एकाच निकषावर मी हिला पहिला नंबर देईन. २०२० पासून तिची बॅरल प्रूफ, म्हणजे पाणी घालून खाली न आणलेली आवृत्ती वर्षातून तीनदा येते. ही साठीच्या आसपास टक्क्यांची असते, तेव्हा पेग मोजूनच ओता. काही बॅचेस अप्रतिम, काही नुसत्या गरम. बाटलीवरच्या कोडचं पहिलं अक्षर बॅच सांगतं: ए म्हणजे वर्षातली पहिली, मग बी, मग सी. घेण्याआधी त्या बॅचबद्दल वाचून घ्या.

वेलरचे तीन प्रकार तुम्हाला बारमध्ये भेटतील. हिरव्या लेबलची स्पेशल रिझर्व्ह ४५ टक्के: मध, चेरी, पण अंगाने बारीक. पूर्वी तिच्यावर सात वर्षं असं वय छापलेलं असायचं, ते कधीच गेलं. मेकर्सहून ती सरस आहे असं मी म्हणणार नाही. लाल लेबलची अँटीक ५३.५ टक्के, आणि खरा माल इथे आहे: चेरी, दालचिनी, दाट कॅरमल, लांबलचक शेवट. वेलर १२ पुन्हा ४५ वर, पण बारा वर्षांचं लाकूड तिला जड करतं, थोडी तुरट, जुन्या चामड्यासारखा वास. ती छान आहे. पण तुम्ही विचारलं म्हणून सांगतो, डोळे बांधून अँटीक आणि १२ पुढे ठेवल्या तर मी अँटीक उचलतो. छापील दर पन्नासच्या आत-बाहेर असलेल्या बाटलीसाठी दोनशे देणं म्हणजे दीडशे डॉलर पॅपीच्या आडनावाला देणं. त्या दोनशेत एक कास्क स्ट्रेंग्थ, एक लार्सनी, एक लार्सनी बॅरल प्रूफ येऊन वर जेवणाचे पैसे उरतात.

रेबेल १०० या आणखी एका व्हीटेड बर्बनबद्दल थोडक्यात: वीस डॉलरच्या आसपास, ५० टक्के, कोवळी आणि जरा झोंबणारी. कोकमध्ये किंवा ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलमध्ये उत्तम, नुसती पिऊ नका. ओल्ड फिट्झजेराल्डचा देखणा डिकँटर २०१८ पासून निघतो, बाटलीबंद करायच्या १८९७ च्या कायद्यानुसार ५० टक्क्यांचा. दुकानात भाव बघून हसा आणि पुढे जा. योग्य दरात दिसला तर मात्र उचला.

वेलर हवीच असेल तर योग्य दरात मिळवायचे मार्ग आहेत, आणि तुम्ही राहता ते गाव यासाठी बरं आहे. ओहायोत कडक दारूचा भाव राज्य सरकार ठरवतं, सगळ्या दुकानांत एकच. नदीपलीकडे केंटकीत दुकानदार स्वतः ठरवतो. म्हणून वेलर पलीकडे दिसते पण महाग, आणि अलीकडे स्वस्त पण दिसतच नाही. ओहायोत दुर्मीळ बाटल्यांची सरकारी लॉटरी निघते, नाव नोंदवून ठेवा, फुकट आहे. घराजवळच्या दुकानात माल कोणत्या वारी उतरतो तेवढं विचारून ठेवा. आठवड्याच्या किराण्याबरोबर तिथे डोकावत राहिलात तर अँटीक कधीतरी हाताला लागते. तिसरा मार्ग फ्रँकफर्टचा. बफलो ट्रेसच्या दुकानात त्यांच्या मागणीच्या बाटल्या छापील दरात विकतात, माणशी एक, पण त्या दिवशी कोणती असेल ते नशीब. सहलीला गेलात तर जा, मुद्दाम रजा काढून नको. आणि प्यायचीच उत्सुकता असेल तर सरळ बारमध्ये एक पेग घ्या.

राहिला पुण्याचा भाऊ. मेकर्स मार्क भारतात मोठ्या दुकानांत मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आलं, तरी त्यावर राज्याचे कर चढतातच, त्यामुळे इथल्या भावाशी तुलना करू नका. तरीही जे तिथे मिळतं ते सामानात नेण्यात अर्थ नाही. एक कास्क स्ट्रेंग्थ आणि एक लार्सनी न्या. भारतीय कस्टम्स माणशी दोन लिटर सोडतं आणि इथली बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे दोन आरामात बसतात, तिसरी बसत नाही. बायको बरोबर असेल तर तिचे दोन लिटर वेगळे. बाटल्या सीलबंद हव्यात आणि चेक-इन बॅगेत. केबिनमध्ये घेतलीत तर पहिल्याच सुरक्षा तपासणीत गमवाल. विमान कंपन्यांचा नियम ७० टक्क्यांपर्यंतच्या दारूला माणशी पाच लिटर सोडतो, तेव्हा लार्सनी बॅरल प्रूफही चालेल, पण ती भावाला देण्याआधी तो बर्फ-सोडा घालून पिणारा आहे का ते विचारा. असेल तर साधी लार्सनीच द्या. चाळीस डॉलरची कास्क स्ट्रेंग्थ कुणी सोड्यात बुडवताना बघणं मला तरी जमत नाही.