समोरच्या संघाची मॅच बघायला जाशील तेव्हा

प्रिय बाळा,

तुझा निरोप मिळाला. पुढच्या मॅचच्या आधी समोरच्या संघाचा खेळ बघून यायला कोचनी तुला सांगितलंय आणि नेमकं काय बघायचं, असं तू विचारलंयस. मला फार बरं वाटलं. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं पेठेपेठेत आहेत. पाटाकडील आणि दिलबहार या दोन तालमींच्या संघांची मॅच असली की शाहू स्टेडियम कसं भरतं, हे तुला सांगायला नको. पण समोरच्याचा खेळ वहीत उतरवून घेणारं पोरगं क्वचितच दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बसायची जागा. आपल्या पेठेच्या पोरांत बसू नकोस, ओरडण्यातच अर्धी मॅच निघून जाते. हाफलाइनच्या आसपास, जितकं उंच बसता येईल तितकं बस. खालून बघितलं की सगळे खेळाडू एका रांगेत दिसतात, हाफ (मधल्या फळीतले) आणि बॅक (बचावातले) यांच्यात किती अंतर पडलंय ते कळत नाही. जमलं तर दुसऱ्या हाफमध्ये थोडा वेळ गोलच्या मागं जा. तिथनं दोन स्टॉपरमधली, म्हणजे मधल्या दोन बॅकमधली फट स्वच्छ दिसते. मोबाईलवर मॅच दिसते म्हणून घरी बसून बघू नकोस. कॅमेरा बॉलमागं फिरतो आणि तुला जे हवंय ते बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहतं.

वॉर्मअप सुरू व्हायच्या आधी पोच. कोण डाव्या पायानं मारतो, कुणाच्या गुडघ्याला पट्टी आहे, गोलकीपर उंच बॉल हातात धरतो की मुठीनं ढकलतो, फ्री किकचा सराव कोण करतोय, हे सगळं तिथंच मिळतं, फुकटात.

मॅच सुरू झाली की बॉलवरची नजर काढायची. यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे. तालमीतला मुरलेला पैलवान समोरच्याच्या हातांपेक्षा पायांवर लक्ष ठेवतो, तसं तुला बॉलपासून लांब असलेल्या माणसांकडं बघायचंय. पहिली दहा मिनिटं फक्त त्यांचे चार बॅक बघ. आक्रमण चालू असताना ते किती पुढं येतात? चौघं एकत्र सरकतात की एकटाच मागं रेंगाळतो आणि आपल्या फॉरवर्डला ऑनसाइड ठेवतो? मग पुढची दहा मिनिटं हाफ बघ. कागदावरचं 4-4-2 की 4-3-3, म्हणजे बॅक, हाफ आणि फॉरवर्ड किती किती, हे लिहून घे, पण त्यावर फार विसंबू नकोस. बॉल त्यांच्याकडं असताना संघ एका आकारात असतो आणि बॉल गेला की दुसऱ्याच.

25 नोव्हेंबर 1953 ला वेम्बलीवर इंग्लंड हंगेरीकडून 6-3 ने हरलं. हंगेरीचा हिदेगकुटी 9 नंबरचा शर्ट घालून आला होता, म्हणजे सगळ्यांच्या हिशोबानं सेंटर फॉरवर्ड. पण तो मागं येऊन हाफच्या जागेत खेळत राहिला. इंग्लंडचा स्टॉपर हॅरी जॉन्स्टन त्याच्या मागं गेला की मागं मोकळं मैदान, जागेवर थांबला की हिदेगकुटी मोकळा. हिदेगकुटीनं तीन गोल मारले. उलट हंगेरीचे कोच सेबेश आदल्याच महिन्यात वेम्बलीवर येऊन इंग्लंडचा खेळ बघून गेले होते, आणि तिथले बॉल मिळवून त्यांनी आपल्या पोरांचा सराव घेतला होता. एका बाजूनं पाहणी केली होती, दुसऱ्या बाजूला शर्टाच्या नंबरावर भरवसा होता. म्हणून सांगतो, खेळाडूची जागा त्याच्या नंबरावरून लिहू नकोस. तो दहा वेळा कुठं उभा दिसला ते लिही.

आता सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवायचा ती गोष्ट. बॉल त्यांच्याकडनं निसटला की पुढच्या पाच सेकंदांत ते काय करतात? आपल्या स्थानिक मॅचमध्ये निम्मे गोल याच घटकेत होतात, असं माझं मत आहे. समज, त्यांचा राइट बॅक चढाईची हौस असलेला आहे. तो वर गेला, क्रॉस अडवला गेला, बॉल आपल्या हाफकडं आला. आता त्या राइट बॅककडं बघ. तो पळत माघारी येतो की कमरेवर हात ठेवून चालत? त्याच्या जागी हाफ सरकतो का? नसेल सरकत, तर उजवीकडचा स्टॉपर टचलाइनकडं ओढला जाणार आणि दोन स्टॉपरमध्ये ट्रक जाईल एवढी जागा होणार. आपल्या लेफ्ट विंगरनं लाइनला चिकटून थांबायचं आणि फॉरवर्डनं त्या जागेत पळायचं, हे तू तिथं बसल्या बसल्या लिहू शकतोस. पण एकदा घडलं म्हणून लिहू नकोस. तीन वेळा दिसलं तर ती सवय, एकदा दिसलं तर तो योगायोग असू शकतो.

त्यांची ताकदही तितक्याच प्रामाणिकपणानं लिही. पेठेच्या इर्षेपायी समोरच्याला कमी लेखायची आपल्याला खोड आहे. मैदानात ती महागात पडते. त्यांचा फॉरवर्ड तगडा असेल, बाहेरनं आणलेला परदेशी खेळाडू असेल, तर सगळं मैदान त्याच्याबद्दलच बोलत असतं. तू त्याला बॉल देणारा शोध. बहुतेक वेळा एक शांत हाफ असतो, ज्याचं नावही कुणी घेत नाही, आणि चांगला पास त्याच्याच पायातनं निघतो. त्याला मान वर करायला वेळ मिळाला नाही तर पुढचा फॉरवर्ड उपाशी राहतो.

कॉर्नर आणि फ्री किकला वहीचं वेगळं पान ठेव. प्रत्येक कॉर्नरचं छोटं चित्र काढ: मारणारा कोण, बॉल आत वळतो की बाहेर, जवळच्या खांबापाशी कोण धावतो, गोलकीपरच्या अंगावर कोण उभा राहतो. बचावात ते माणूस धरतात की जागा धरतात, आणि वर किती जण सोडतात. गोलकीपरची लांब किक कुठल्या बाजूला पडते आणि तिथं डोक्यानं खेळणारा कोण, तेही लिही, म्हणजे सुटलेल्या बॉलवर आपला माणूस आधीच असेल.

बाद फेरी असेल तर पेनल्टी मारणाऱ्यांची नोंद हवीच. 30 जून 2006 ला बर्लिनमध्ये जर्मनी आणि अर्जेंटिनाची वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व मॅच टायब्रेकरवर गेली तेव्हा जर्मनीचा गोलकीपर लेहमन मोज्यातनं एक चिठ्ठी काढून वाचायचा. कोण कुठं मारतो, हे गोलकीपिंग कोच कोप्केनं त्यात लिहून दिलं होतं. शेवटच्या कांबियासोचं नाव त्या चिठ्ठीत नव्हतंच, तरी लेहमननं ती निवांत वाचली आणि त्याची पेनल्टी अडवली. माहितीचा धाकही असा उपयोगी पडतो.

दुसऱ्या तालमीच्या सरावावर लपून नजर ठेवायचा मोह होईल. नको. जानेवारी 2019 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स क्लबचे कोच बिएल्सा यांचा माणूस डर्बी या दुसऱ्या क्लबच्या सरावाबाहेर सापडला. लीड्सनं ती मॅच 2-0 ने जिंकली, पण क्लबला 2 लाख पौंड दंड झाला. नंतर बिएल्सांनीच सांगितलं की डर्बीच्या आदल्या हंगामातल्या सगळ्या 51 मॅच त्यांनी तपासल्या होत्या. आणि त्याच वर्षी मे महिन्यात वरच्या लीगमध्ये जायच्या प्लेऑफमध्ये डर्बीनंच लीड्सला बाहेर काढलं. ज्या मॅच सगळ्यांना दिसतात त्याच नीट बघ. पेठेपेठेत आपले संबंध पिढ्यांचे आहेत, ते एका मॅचपायी नासवायचे नाहीत.

स्कोअर बदलला की संघ बदलतो, तेही टिपून घे. पुढं असताना ते मागं सरकतात का? पिछाडीवर गेले की कुणाला वर पाठवतात? एप्रिल-मेच्या उन्हात शेवटच्या वीस मिनिटांत कुणाचे पाय जड होतात? आणि ती मॅच कुणाविरुद्ध होती हे वर ठळक लिही. दुबळ्या संघापुढं सगळेच देखणे खेळतात. जमलं तर त्यांच्या दोन मॅच बघ.

घरी आल्यावर वहीतलं सगळं कोचना दाखव, पण पोरांना सगळं सांगू नकोस. मॅचच्या आधी डोक्यात तीन गोष्टी राहिल्या तरी खूप झालं. लेफ्ट विंगरला फक्त त्या राइट बॅकबद्दल सांग, गोलकीपरला कॉर्नर आणि पेनल्टीबद्दल, मधल्या हाफला त्या शांत हाफबद्दल. बाकीचं कोचकडं राहू दे.

आणि नुसतं तोंडी सांगून भागणार नाही. सरावाला आपल्याच पाच-सहा पोरांना त्यांच्या जागी उभं कर, त्यांचा कॉर्नर तसाच्या तसा मारायला लाव आणि आपल्या बॅकना तो अडवू दे. पोरं दमेपर्यंत. वही घेऊन ये, मी गांधी मैदानावर असेन. पहिला कॉर्नर आपण दोघं मिळून लावू.

तुझा,
काका