पंप कणगीच्या मागं होता

"म्याडम, पंप एकदा लागला की जलमभर सुटत नाही म्हणतेत. खरंय का?"

उपजिल्हा रुग्णालयात माझ्या टेबलासमोर दम्याच्या पंपाचा, म्हणजे इनहेलरचा, हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. दमा मुलीला असेल तर पाठोपाठ आवाज खाली जातो आणि खरी काळजी बाहेर येते: "हिची सोयरीक कशी व्हावी?"

जिची गोष्ट सांगतेय तिला सविता म्हणू, नाव बदललंय. वय 17, बारावीला. घर बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ. जानेवारीत घरामागच्या रानात तुरीची मळणी चालली होती, भुसकट गल्लीभर उडत होतं. घरात चुलीत पऱ्हाट्या. रात्री तिला धाप लागली ती बसेना, शब्दही फुटेना. शेजारच्या पोरानं 108 ला फोन केला म्हणून वेळेत पोचली. ऑक्सिजन लागला, वाफ दिली. सकाळी डॉक्टरांनी दोघींना माझ्याकडे पाठवलं, कारण रोजचा पंप लिहून देऊन आठ महिने झाले होते आणि तरी ही वेळ आली होती.

मी नेहमीसारखी समजवायला लागले. धाप लागल्यावर घ्यायच्या निळ्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, तेच औषध 4 मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस दाबांएवढं. गोळी सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं सरळ श्वासनळीत जातं. आजी माना डोलवत होती, सविता फरशीकडे बघत होती. माझ्या लक्षात आलं, या पोरीनं मला अजून काही विचारलंच नाहीये आणि मी उत्तरं देत सुटलेय. मग मीच विचारलं, "पंप घरात कुठं ठेवतेस गं?"

बऱ्याच वेळानं म्हणाली, "कणगीच्या मागं."

पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून तिनं टेबलावर ठेवली. आत निळा पंप होता. मी दाबून पाहिला, फुस्स झालं. पण हा पंप 200 दाबांचा, आणि दिवाळीपासून ती दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दोन दाब घेत होती. डिसेंबर लागायच्या सुमारासच तो संपला असणार. औषध संपलं तरी आतला वायू बरेच दिवस फुस्स करत राहतो. महिनाभर ही पोर रात्री गोठ्याआड जाऊन नुसता वायू ओढत होती. रोजचा पंप तर पेटीत तसाच, सीलही फोडलेलं नव्हतं. दिवाळीत पाव्हणे बघून गेले होते आणि चुलतीनं बजावलं होतं, पंप कुणाच्या नजरेस पडू देऊ नको.

आजीला धक्का बसला. तिनं काही कमी केलं नव्हतं. तीन कोजागिऱ्यांना औषधाची खीर खाऊ घातली, एका मृगाला हैदराबादला नेऊन मासा गिळवला. मी त्यावरून तिला बोलले नाही. नातीसाठी रेल्वेत उभ्यानं गेलेल्या म्हातारीला काय बोलायचं? एवढंच सांगितलं की यानं दमा जात नाही, आणि यापायी पंप कधीच बंद करायचा नाही.

मग सवयीचं. निळा पंप आवळलेली नळी काही तासांपुरती उघडतो, आतली सूज तशीच राहते. ती सूज उतरवतो रोजचा पंप. त्यात स्टिरॉइड आहे, पण मात्रा मायक्रोग्रॅमात, आणि घेतल्यावर चूळ भरून टाकली की सहसा तोंड येत नाही. आजी मध्येच म्हणाली, "म्हंजी माळवदासारखं. मृगाआधी पांढरी माती टाकली तर बरं, न्हाई तर रातभर गळक्याखाली टोपलं धरून बसायचं." मी तिचा हात धरला. दर वर्षी माती टाकतो म्हणून माळवदाला मातीची सवय लागली, असं कुणी म्हणत नाही. हा दाखला मी आता प्रत्येक घराला देते.

आई दुसऱ्या दिवशी फडावरून आली. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती, त्यामुळे जाण्यायेण्याचे दोन दिवस, दोन खाडे. 2019 च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दर शंभर दमेकऱ्यांपैकी 13 भारतात आहेत, दम्यानं होणाऱ्या दर शंभर मृत्यूंत मात्र आपले चाळीसहून जास्त. आपल्याकडचा दमा काही वेगळा नाही. पंप वेळेवर हातात पडत नाही, आणि पडला तर तो कणगीमागे जातो. राज्यावरचा दम्याचा भार म्हणतात तो माझ्या टेबलावर असा येतो: आईचे खाडे, बुडालेली सराव परीक्षा, 108 ची एक फेरी.

सोयरिकीचं मी स्पष्टच सांगितलं. अठरा पूर्ण होईपर्यंत विषयच नको, तो कायदा आहे. पुढं ठरवाल तेव्हा आधी सांगा. लपवलेला पंप सासरी पहिल्या पावसाळ्यात उघडा पडतो, किंवा भीतीनं बंद होतो, आणि मग सगळं तिच्या जिवावर येतं. गरोदरपणातही दमा आवरलेला असला तर बाळाला बरं, तेव्हाही मनानं पंप सोडायचा नसतो. आईला हे पटलं असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, "तुमचं खरंय, पण गावाला कोण सांगंल?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चुलतीला पुढच्या तपासणीला घेऊन या, एवढंच म्हणाले.

निघण्याआधी तिघींसमोर सवितानं स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून करून दाखवलं. पंप हलवला, श्वास पूर्ण सोडला, एक दाब, सावकाश ओढला, दहापर्यंत रोखला. आई ओठ हलवत तिच्याबरोबर मोजत होती. मग चप्पल घालता घालता थांबली. "आमच्या टोळीत एक बाई हाय. रातच्याला कोपीत उठून बसती, अशीच. तिला सवितीचा पंप दिला तर चालंल का?"

नाही, म्हटलं, तिला तपासून घ्यावं लागेल. फड कोणत्या तालुक्यात आहे ते विचारलं, तिथल्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून ओपीडीची वेळ विचारली आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिली.