जुन्या इंग्रजी शब्दांतला 'डॉग' म्हणजे दर वेळी कुत्राच का?

तुम्ही विचारलंय की जुन्या इंग्रजी पुस्तकांत डॉगवॉच, फायर-डॉग, डॉग-रोझ असे शब्द येतात, त्यांत कुत्रा नेमका कुठे असतो. बऱ्याचदा तो नसतोच. म्हणून आधी पुस्तक किती जुनं आहे आणि शब्द कुठला आहे, जहाजावरचा, स्वयंपाकघरातला की रानातला, एवढं बघून घ्या.

साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत कुठल्याही कुत्र्याला 'हुंड' म्हणत. डॉगचं जुनं रूप 'डॉग्गा' (docga) अगदी क्वचित सापडतं, आणि ते कुठून आलं याचा पत्ता लागलेला नाही. पुढे डॉगने सगळी जागा घेतली, हाउंड शिकारी कुत्र्यापुरता उरला. 'डीर'चंही असंच झालं. तो मुळात 'डेओर', म्हणजे कुठलंही जनावर. आता फक्त हरीण. आपल्या 'मृग'ची वाट हीच. मृगेंद्र म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे माकड, पण नुसतं मृग म्हटलं की हरीणच डोळ्यासमोर येतं. त्यामुळे फार जुन्या मजकुरात आजचा अर्थ घातला की वाक्य बिघडतं.

झाडाफुलांच्या नावांत डॉग म्हणजे बहुधा 'हलक्या प्रतीचं'. डॉग-व्हायलेट या रानफुलाला खऱ्या व्हायलेटसारखा वास नसतो, एवढ्यासाठी ते नाव. आपण रानात उगवणाऱ्या अळंबीला कुत्र्याची छत्री म्हणतो, त्यातही हीच दृष्टी आहे. डॉग-रोझ मात्र लॅटिन 'रोझा कॅनिना'वरून आलंय. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर या गुलाबाचं मूळ औषध म्हणून रोमन लेखक प्लिनीने सांगितलं होतं. मराठीत रानगुलाब पुरे.

फायर-डॉग म्हणजे चुलाण्यात जळती लाकडं अधर ठेवायची लोखंडी जोडी. आपण 'घोडी' म्हणतो आणि घोडा कुठेच नसतो, तसं. टर्नस्पिट डॉग मात्र खराखुरा कुत्रा: लांब अंग, आखूड वाकडे पाय. त्याला भिंतीवरच्या चाकात चालवत आणि त्या चाकावर विस्तवापुढची मांसाची सळई फिरत राही. यंत्रं आल्यावर ही जातच संपली. वेल्समधल्या ॲबरगव्हेनीच्या संग्रहालयात पेंढा भरलेला एक टर्नस्पिट ठेवलेला आहे.

सगळ्यात जास्त घोळ डॉगवॉचचा होतो. 'कुत्र्याचा पहारा' हे साफ चूक. जहाजावर चार-चार तासांचे पहारे असत, म्हणजे दिवसाला सहा. खलाशांच्या दोनच तुकड्या असल्या तर सहा हा सम आकडा. मग मध्यरात्री 12 ते 4 चा जाच रोज एकाच तुकडीच्या वाट्याला येणार. म्हणून संध्याकाळचा 4 ते 8 चा पहारा तोडून दोन-दोन तासांचे दोन केले, तेच डॉगवॉच. पहारे सात झाले आणि पाळी रोज बदलू लागली. दोन्ही तुकड्यांना संध्याकाळचं जेवणही उरकता येई. ब्रिटिश जहाजांवर यात आणखी एक खोच आहे: घंटा. पहारा सुरू झाला की दर अर्ध्या तासाला एकेक टोला वाढवत चार तासांनी आठ टोले देत. 6 वाजता चार टोले, पण साडेसहाला पाच नाहीत, पुन्हा एक. मग दोन, तीन, आणि 8 वाजता एकदम आठ. तेव्हा 'दुसऱ्या डॉगवॉचचे तीन टोले' म्हणजे संध्याकाळचे साडेसात. इथे नेहमीच्या हिशेबाने टोले मोजून वेळ काढायला गेलात तर चुकाल. मराठीत 'संध्याकाळचा आखूड पहारा' लिहावं, पहिला की दुसरा ते सांगावं.

डॉग-डेज मधला कुत्रा आकाशातला. ग्रीक-रोमन लोकांना जो तारा कुत्रा वाटला, तो आपला व्याध, मृगामागे लागलेला शिकारी. युरोपात ऐन उन्हाळ्यात तो पहाटे सूर्याच्या आगेमागे उगवे, म्हणून उकाड्याचा दोष त्याच्यावर आला. भाषांतरात 'कुत्र्याचे दिवस' केलं तर वाचकाला हलाखीचे दिवस वाटतील, आणि नुसतं जुलै-ऑगस्ट लिहिलं तर आषाढ-श्रावणाचा पाऊस. 'तिकडच्या ऐन उन्हाळ्यातले दिवस' असं सरळ लिहा.