परदेशात घरी कामाला येणाऱ्या तिथल्या लोकांशी मैत्री होऊ शकते का, की अंतर ठेवलेलंच बरं?

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांची बदली आफ्रिकेत होतेय, घरात बाई आणि गेटवर वॉचमन असणार, आणि तिथले जुने भारतीय लोक आत्तापासूनच सांगताय की त्यांना डोक्यावर बसवू नका. आम्ही रावेरकडचे, मी ठिबकच्या कामावर, बायको-मुलीसोबत युगांडात कंपालाला राहतो, त्यामुळे तिथलंच सांगतो.

मैत्री होते. पण जुने कपडे अन उरलेलं जेवण देऊन नाही होत, त्यांच्याकडून काहीतरी शिकायला लागलात की होते. आमचा वॉचमन (तिकडे आस्कारी म्हणतात) म्बरारा भागातला, घरी केळीची बाग, आणि मी जळगाव जिल्ह्याचा माणूस, मग काय, गेटवर केळीच्याच गप्पा. आपल्याकडं घड निसवला की विळ्यानं कमळ (घडाच्या टोकाचं केळफूल) कापून टाकतो ना, तो म्हणे आमच्याकडं विळा लावायचाच नाही, बेचक्याची लांब काठी घ्यायची, देठ त्यात अडकवायचा आणि पीळ देऊन मोडायचा. कारण तिथं २००१ पासून केळीवर जिवाणूंचा मर रोग आहे, तो कमळावर बसणाऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि हत्यारानं या झाडावरून त्या झाडावरही जातो. त्यानं मला अंगणातल्या केळीवर करून दाखवलं, एका झटक्यात कमळ खाली. त्यानंतर तो मला साहेब कमी आणि चेला जास्त समजतो, आणि मला चालतं ते.

दुसरं म्हणजे रामराम. कंपालात कोणालाही आधी कसे आहात, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत हे विचारायचं आणि मग कामाचं बोलायचं. आपले लोक गाडीची काच पण खाली न करता हॉर्न मारतात, ते तिथं फार लागतं. त्यात आपली जुनी ओळख पण काही फार गोड नाही. १८९६ ते १९०१ मध्ये तिकडची रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून मजूर नेले, पुढं दुकानदारी आपल्या लोकांच्या हातात आली, अन १९७२ ला इदी अमीननं ९० दिवसांत देश सोडायला लावलं. बरेच जण नंतर परत आले, धंदे पुन्हा उभे राहिले, पण हे लोक आपसातच राहतात असं तिथली माणसं अजून म्हणतात, आणि खरं सांगू, चुकीचं नाही म्हणत. चपाती मात्र त्यांनी केव्हाच आपलीशी केली, रस्त्यावर आम्लेट गुंडाळून विकतात, त्याला रोलेक्स म्हणतात.

आता पैशाचं, कारण खरं बिनसतं ते इथंच. तिकडे शाळेच्या वर्षाचे तीन भाग असतात, फेब्रुवारी, मे आणि सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होणारे, आणि प्रत्येक वेळी फी. त्या दिवसांत उचल मागणारच, धरूनच चाला. आपल्याकडं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार म्हणजे वर्षभराचा गडी ठरवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर सगळं बोलून घेतात ना, तसंच पहिल्याच महिन्यात बोलून घ्या, उचल किती, दर महिन्याला किती कापणार, आणि वहीत दोघांनी सही करा. मोबाईल मनीवर पाठवलं तर हिशोब आपोआप राहतो. एकदा आकडा ठरला की पैसा मैत्रीत येत नाही. ज्यांच्याकडं काहीच ठरलेलं नसतं तेच ग्रुपवर 'हे लोक असेच' म्हणून लिहितात.

माझी आई आली होती तेव्हाची मजा सांगतो. बुगांडा भागात, म्हणजे कंपालाच्या आसपास, बायका मोठ्या माणसाला गुडघे टेकून नमस्कार करतात, घरकामाच्या आंटीनं आईसमोर तसं केलं तर आई 'ऊठ माय, ऊठ' करत तिला उचलायलाच लागली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोघी मागच्या अंगणात, कोळशाच्या शेगडीवर आईची वांगी भरताला भाजताय, बाजूला आंटी कच्ची केळी सोलून केळीच्या पानात बांधून वाफवायला ठेवतेय, आणि शेंगदाण्याचं कालवण दोन्हीकडं. आईचं मत पडलं की पऱ्हाटीवर (कपाशीच्या काड्यांवर) भाजल्याची चव नाही, पण मटोके, म्हणजे ती वाफवलेली केळी, बरं लागतं, मीठ कमी असतं फक्त.

गावाकडं बोलावलं तर नक्की जा. साखर, साबण, ब्रेड न्या, नोटा काढू नका. परत येताना गाडीत केळीचा घड टाकतील, नाही म्हणू नका. आणि शाकाहारी असाल तर आठवडाभर आधी सांगून ठेवा, कारण पाहुण्यासाठी कोंबडी कापतात, ऐनवेळी नको म्हटलं की घरच्या बाईचं तोंड उतरतं. आम्ही माळकरी, आधी सांगितलं होतं, तर त्यांनी जाताना जिवंत कोंबडी हातात दिली. ती सध्या वॉचमनच्या ताब्यात आहे, अंडी तोच खातो.