मृत्यू समोर दिसू लागल्यावर नास्तिकाचे ख्रिस्ती धर्माविषयीचे मत बदलते का?

आपले मामा जन्मभर नास्तिक राहिले, आता ते अतिदक्षता विभागात आहेत आणि नातेवाइकांना पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, बोलवायचे आहे. अशा वेळी माणसाचे मत खरोखरच बदलते का, असे आपण विचारले आहे. माझ्यापुरते उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली सहा वर्षे ते ‘होय’ असे सांगितले जाते, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मी पुण्याच्या गुरुवार पेठेत, पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढलो. बाप्तिस्मा, संडे स्कूल, दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करण्याचा विधी) हे सारे यथासांग झाले आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, कोणाशीही भांडण न होता, माझा विश्वास उडाला. आईने ते मुकाट्याने सोसले. ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मात्र तेव्हापासून दर नाताळच्या जेवणानंतर एकच वाक्य ऐकवत आले आहेत : “मरणाच्या दारात उभा राहशील, तेव्हा बघू.”

ते दार सहा वर्षांपूर्वी आले. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या आणि दुसऱ्याच दिवशी बायपास ठरली. आदल्या रात्री वॉर्डबॉय छातीवरचे आणि पायांवरचे केस काढून गेल्यावर मला भीती वाटली, आणि ती भरपूर वाटली. पण येशूच्या पुनरुत्थानाचा जो पुरावा आदल्या आठवड्यात मला अपुरा वाटत होता, तो केवळ मी घाबरलो म्हणून पुरेसा कसा ठरावा, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आजही कळत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा घशात व्हेंटिलेटरची नळी होती, हात पलंगाला सैलसे बांधलेले होते आणि जिभेचे लाकूड झाले होते. नळी असेपर्यंत पाणी देत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते. तेवढ्यात दाजी पाळकसाहेबांना घेऊन आले. पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला, हळू आवाजात प्रार्थना केली आणि म्हणाले, “प्रभूचा स्वीकार करीत असाल, तर हात दाबा.” मी दाबला. दोनदा दाबला, कारण मला पाणी हवे होते आणि कोणाला तरी ते उमगेल अशी आशा होती. दाजींच्या डोळ्यांना पाणी आले. मला मात्र मिळाले नाही.

पुढच्या रविवारी, मी अजून रुग्णालयातच असताना, दाजींनी उपासनेत उभे राहून माझ्या तारणाची साक्ष दिली. पुढे मी आक्षेप घेतला तेव्हा त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातील, येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचा दाखला दिला. त्या चोराने निदान स्वतःच्या तोंडाने मागणे केले होते, त्याच्या घशात नळी नव्हती, एवढेच मी म्हणालो. त्यावर ताई आठ महिने माझ्याशी बोलली नाही.

पलंगाभोवतीच्या लोकांची ही खोड जुनी आहे. डार्विन 1882 साली वारला आणि त्याने अखेरच्या दिवसांत ख्रिस्ताचा स्वीकार केल्याची लेडी होप या इंग्रज धर्मप्रचारिकेची हकीकत 1915 साली छापून आली. तो गेला तेव्हा जवळ असलेल्या त्याच्या मुलीने, हेन्रिएटाने, 1922 साली ती साफ खोटी ठरवली, तरी ती अजून सांगितली जाते. याउलट आपल्या पंडिता रमाबाईंनी 1883 साली पंचविशीत, धडधाकट असताना बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर इंग्लंडमधील मठवासी भगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला. असे मतांतर मला पटले नाही तरी मी त्यापुढे मान लववतो. गुंगीतल्या माणसाच्या बोटांवरून काढलेल्या मतांतराला मात्र मी काडीचीही किंमत देत नाही.

एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे, दाजींनी ती कोठेही वापरली तरी चालेल. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मीच ताईला आई म्हणत असे ते भजन म्हणायला लावले होते आणि दुसऱ्या कडव्याला मला रडू आले. त्यात मला देव भेटला नाही, आई भेटली. शिवाय माझा प्रसंग चार दिवसांत आटोपला. कर्करोगाने महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे मत सावकाश, विचारपूर्वक बदलणारच नाही, असे मी म्हणणार नाही.

तेव्हा मामा बोलू शकत असतील तर पाळकसाहेबांना बोलवावे की नाही हे त्यांनाच विचारा; बोलू शकत नसतील तर प्रार्थना खुशाल होऊ द्या, पण कोणालाही हात दाबायला सांगू देऊ नका. मी स्वतः एक कागद लिहून ठेवला आहे : मला आईच्या कबरीशेजारी माती द्यावी, तेच भजन म्हणावे आणि माझा विश्वास परत आला होता असे कोणीही सांगू नये. त्यावर साक्षीदार म्हणून सही करण्याची विनंती मी दाजींनाच केली आहे. दोन नाताळ उलटले, अजून त्यांना चष्मा सापडत नाही.