रिपोर्ट येईपर्यंत चपाती बंद करू का?

प्रश्न : ताई, मी कोरेगावहून लिहितेय. माझी लेक सात वर्षांची आहे. वर्षभर झालं तिचं पोट सारखं फुगतंय, मधेच जुलाब लागतात, वर्गातल्या पोरींच्यात ती सगळ्यात बुटकी दिसते आणि आयर्नचं सिरप किती पाजलं तरी हिमोग्लोबिन काही वर जाईना. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सिलिॲक, म्हणजे गव्हानं आतडं खराब होतं तो आजार, आहे का बघू म्हणून रक्त काढायला सांगितलं, लॅबवाला म्हणाला सॅम्पल पुण्याला जाणार, रिपोर्टला आठवडा लागेल. इकडं सासूबाई म्हणतात गव्हानं होतंय ना मग आजपासूनच बंद कर, नाहीतर खपलीची चपाती दे, ती हलकी असते. मला रात्रीची झोप नाही हो. काय करू?

उत्तर : चपाती बंद करू नका, निदान आत्ता तरी नाही. नातीसाठी सासूबाईंचा जीव तुटतोय हे कळतंय, पण जरा थांबायला सांगा त्यांना. रक्तात शोधतात ती टीटीजी आयजीए नावाची अँटिबॉडी, सिलिॲक असेल तर गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळं शरीर ती तयार करतं, आणि गहू थांबला की तीही कमी कमी होत जाते. तुम्ही म्हणाल रक्त तर देऊन झालं, आता काय. तर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बहुतेक वेळा पुढं दुर्बिणीची तपासणी असते, लहान आतड्याच्या सुरुवातीचे बारीक तुकडे घेऊन बघतात, आणि गहू आधीच बंद केला असेल तर आतडं सुधारायला लागतं मग डॉक्टरांना ठाम सांगता येत नाही. मग पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालून तपासायचं, आणि जरा बरं वाटायला लागलेल्या लेकराला परत तेच भरवणं, नकोच ते. लहान मुलांत टीटीजी नॉर्मलच्या दहापटीच्या वर असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए नावाची दुसरी अँटिबॉडी पण पॉझिटिव्ह असेल तर काही वेळा दुर्बीण टळते, पण ते पोटाच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

खपलीचं म्हणाल तर आपल्या सातारा-सांगलीकडं खपलीवर सगळ्यांचा भारी विश्वास, पण खपली म्हणजे गहूच की. ग्लुटेन त्यातही असतं. रवा, मैदा, शेवया, लापशी सगळं त्यातच आलं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत नसतं, म्हणजे उद्या सिलिॲक निघालाच तरी आपल्या घरात भाकरी आहे, पोरगी उपाशी राहणार नाही. फक्त गिरणीत गव्हाच्या मागं ज्वारी टाकली की जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात उतरतं, आणि डबीतल्या बांधानी हिंगात पण बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. हे सगळं नंतर बघायचं, आज गिरणीवाल्याशी भांडायला जाऊ नका.

आयर्न का लागू पडेना याचं उत्तरही कदाचित तिथंच असेल. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीला, आणि सिलिॲकमध्ये नेमकं तिथलंच अस्तर खराब झालेलं असतं, मग सिरप पाजा नाहीतर गूळ-शेंगदाणे द्या. अर्थात सिलिॲकच असेल असं नाही, जंत, जियार्डिया नावाचा आतड्यातला परजीवी अशी बरीच कारणं असतात.

रिपोर्ट हातात आला की आकड्याशेजारी त्याच लॅबची नॉर्मल रेंज छापलेली असते ती बघा, जावेच्या भाच्याचा आकडा किती होता ते धरून बसू नका, लॅबगणिक मोजणी वेगळी असते. आणि टोटल आयजीए, म्हणजे रक्तातल्या आयजीए प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडींची एकूण मोजणी, केलंय का हे डॉक्टरांना जरूर विचारा. काही मुलांत ते मुळातच कमी असतं, मग आजार असूनही टीटीजी निगेटिव्ह येते आणि सगळे निर्धास्त होतात. पक्कं निदान झालं तर तुम्ही दोघं आणि तिची भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी करून घ्या, त्रास असो नसो.

तोवर नेहमीसारखं खाऊ द्या, दोन्ही वेळेला चपाती असू दे, मुद्दाम जास्त कोंबायची गरज नाही. जुलाब थांबेनात, पोरगी मलूल पडली, लघवी कमी झाली तर मात्र रिपोर्टची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.